कसूर विरोधकांचीही

कोलंबो शहराच्या समुद्रकाठी गॉल फेस नावाचे एक विस्तीर्ण हिरवे मैदान आहे. १४ जानेवारी २०१५ रोजी दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी याच मैदानावर, गोव्यातील बाणावली गावी जन्मलेल्या फादर जोसेफ वाझ यांना संतपद बहाल केले. आपल्या कोकणपट्टीच्या एका सुपुत्राचा गौरव परक्या भूमीवर झाला म्हणून त्या दिवशी आपली मने भरून आली होती. पुढे सात वर्षांनी, ९ एप्रिल २०२२ रोजी, त्याच मैदानावर तरुणांनी तंबू ठोकले. तेथे सामुदायिक स्वयंपाकघर उभे राहिले, वाचनालय उभे राहिले, प्रथमोपचाराची सोय झाली. धर्मगुरू आणि धर्मभगिनीही त्या तरुणांत जाऊन उभ्या राहिल्या. मागणी एकच होती : राष्ट्राध्यक्ष गोताबाया राजपक्षे यांनी घरी जावे. ९ जुलैला जनसमुदाय राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात शिरला आणि १३ जुलैला गोताबाया देश सोडून गेले.

या घटनेविषयी पुष्कळ लिहिले गेले. बहुतेकांनी राज्यकर्त्यांना झोडपले आणि ते योग्यच होते. आम्हांला मात्र आज दुसऱ्याच एका पक्षाविषयी चार शब्द लिहावयाचे आहेत. राजा पळून गेला तेव्हा राज्य सावरण्यासाठी जो पक्ष पुढे यावयास हवा होता, तो कोठे होता? श्रीलंकेच्या संसदेत मुख्य विरोधी पक्ष होता, त्याला नेता होता, त्याच्यापाशी अर्थशास्त्र जाणणारी माणसे होती. तरीही देश बुडत असता हा पक्ष काठावर उभा राहून लाटा मोजत राहिला, असे आमचे स्पष्ट मत आहे. हा आरोप कठोर आहे, याची आम्हांला जाणीव आहे. म्हणूनच तो पुराव्यानिशी मांडणे आमचे कर्तव्य ठरते.

प्रथम संकट काय होते ते पाहू. २१ एप्रिल २०१९ रोजी, पुनरुत्थानाच्या रविवारी, तीन चर्चमध्ये आणि तीन हॉटेलांमध्ये बॉम्बस्फोट होऊन अडीचशेहून अधिक माणसे प्राणांस मुकली. नेगोंबोजवळच्या कटुवापिटिया येथील संत सेबॅस्टियनचे चर्च आणि कोलंबोतील संत अँथनीचे तीर्थमंदिर ही नावे आपल्यापैकी कोणीही विसरलेला नाही. गुप्तवार्ता हाती येऊनही तेव्हाच्या सरकारला हे हत्याकांड टाळता आले नाही. भयभीत जनतेने त्याच वर्षी नोव्हेंबरात सुरक्षेची ग्वाही देणाऱ्या गोताबायांना ५२ टक्क्यांहून अधिक मते देऊन निवडून दिले. सत्तेवर येताच त्यांनी मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणला. कर कमी झाला म्हणून लोक सुखावले. पण तिजोरीला भगदाड पडले. मागोमाग महामारी आली आणि पर्यटनाचे उत्पन्न आटले. मग २०२१ च्या एप्रिलात रासायनिक खतांच्या आयातीवर एका फटक्यात बंदी घालण्यात आली. शेणखत आणि सेंद्रिय शेती यांविषयी आम्हांलाही आदर आहे. परंतु जमीन अशी एका हंगामात हुकमाने बदलत नसते, हे शेती करणाऱ्या वाचकांना सांगावयास नको. नोव्हेंबरात बंदी मागे घेतली गेली, तोवर जे व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते. तांदळात स्वयंपूर्ण असलेल्या देशाला तांदूळ बाहेरून आणावा लागला.

परकीय चलन संपले. मार्च २०२२ च्या अखेरीस दिवसाचे तेरा तास वीज नव्हती. कागदाअभावी शाळांच्या परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. स्वयंपाकाचा गॅस, रॉकेल आणि दुधाची भुकटी यांसाठी माणसे रांगेत उभी राहिली आणि काही त्या रांगेतच कोसळून मेली. १२ एप्रिलला सरकारने परदेशी कर्जाची परतफेड थांबवल्याचे जाहीर केले. स्वतंत्र श्रीलंकेच्या इतिहासात असे प्रथमच घडले. मे महिन्याच्या आरंभी प्रत्यक्ष वापरता येईल असे परकीय चलन पाच कोटी डॉलरांहूनही कमी उरले आहे, असे खुद्द अर्थमंत्र्यांनी संसदेत सांगितले. सप्टेंबरात महागाईचा दर ७० टक्क्यांच्या घरात आणि अन्नधान्याच्या महागाईचा दर ९५ टक्क्यांच्या घरात पोहोचला. आकडे कोरडे असतात. पण ज्या मातेने त्या महिन्यात घर चालवले, तिला हा आकडा म्हणजे ताटातली निम्मी भाकरी होती.

या सर्वनाशाचे मुख्य पाप राजपक्षे बंधूंच्या आणि त्यांच्या सल्लागारांच्या माथी आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयानेही त्यांना जबाबदार धरले. यात आम्ही रतिमात्र सूट देऊ इच्छित नाही. मात्र एकाचे पाप मोठे म्हणून दुसऱ्याची कसूर नाहीशी होत नाही.

आता मुख्य विरोधी पक्षाकडे वळू. या पक्षाचे नाव ‘समगी जन बलवेगया’, म्हणजे एकसंध जनशक्ती. रनिल विक्रमसिंघे यांच्या जुन्या युनायटेड नॅशनल पक्षातून २०२० साली तो बाहेर पडला. नेते सजित प्रेमदासा हे माजी राष्ट्राध्यक्षांचे चिरंजीव. स्वतः मंत्रिपद भूषवलेले आणि २०१९ च्या निवडणुकीत जवळजवळ ४२ टक्के मते मिळवलेले गृहस्थ. ऑगस्ट २०२० च्या निवडणुकीत या पक्षाने ५४ जागा मिळवल्या, तर मूळ पक्षाच्या वाट्याला अवघी एक जागा आली. म्हणजे सत्ताधाऱ्यांस पर्याय म्हणून जनतेने याच पक्षाला नेमून दिले होते.

शिवाय हा पक्ष अज्ञानी नव्हता. हर्ष डी सिल्वा यांच्यासारखे अर्थशास्त्रज्ञ त्याच्या बाकांवर होते. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे वेळेवर जा, कर्जाची फेररचना करा, असे ते वारंवार सांगत होते. सरकारने ऐकले नाही. जानेवारी २०२२ मध्ये, औषधांना पैसा नसताना, ५० कोटी डॉलरांचे कर्जरोखे फेडण्यात आले. विरोधकांनी खतबंदीवर टीका केली, मोर्चे काढले, भाषणे केली. रोगाचे निदान त्यांनी अचूक केले होते, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. पण निदान करणारा वैद्य रोगी अत्यवस्थ झाल्यावर उंबरठ्याबाहेर थांबला, तर त्याच्या विद्वत्तेचे घरच्यांनी काय करावे?

एप्रिलच्या ३ तारखेला रात्री मंत्रिमंडळाने राजीनामे दिले. दुसऱ्या दिवशी गोताबायांनी सर्व पक्षांना मंत्रिपदे स्वीकारण्याचे आवाहन केले. विरोधी पक्षाने ते धुडकावले. हा नकार आमच्या मते योग्य होता. ज्याने घर जाळले त्याच्याच हाताखाली पाणी वाहण्याची नोकरी कोणी का पत्करावी? परंतु नकार देऊन जबाबदारी संपत नाही. उलट तेथूनच ती सुरू होते. ‘तुमचे सरकार नको’ असे म्हटल्यावर ‘आमचे हे घ्या’ असे त्याच संध्याकाळी म्हणता आले पाहिजे. त्यात माणसे कोण, मुदत किती, पहिल्या महिन्यात कोणती औषधे व किती इंधन आणणार, कर कोणावर बसवणार, निवडणूक केव्हा घेणार, हे सारे हवे. असा आराखडा त्या महिन्यात देशापुढे आला खरा. पण तो मांडला वकिलांच्या संघटनेने! सर्वपक्षीय हंगामी सरकारची रूपरेषा काळ्या कोटातील मंडळींना लिहावी लागली. विरोधी पक्ष त्या वेळी पदयात्रेत होता. २६ एप्रिलला कँडीहून निघालेली ती यात्रा १ मे रोजी कोलंबोत पोहोचली. चालण्याला आमचा आक्षेप नाही. पण ज्या देशात बस चालवायला डिझेल नाही, तेथील जनता रोज चालतच होती. तिला आणखी चालणारे नको होते.

९ मे रोजी सत्ताधाऱ्यांच्या समर्थकांनी गॉल फेसवरील तरुणांवर हल्ला केला. देशभर आगडोंब उसळला, पंतप्रधान महिंदा राजपक्षे यांनी राजीनामा दिला. हल्ल्यानंतर प्रेमदासा मैदानावर गेले, तेव्हा जमावातील काहींनी त्यांनाच पिटाळून लावले. महिनाभर जे तंबूत उन्हापावसात बसले होते, त्यांना हे पाहुणे उशिरा आलेले वाटले असतील, तर त्यांस दोष कसा द्यावा? आणि मग तो चमत्कारिक आठवडा आला. राष्ट्राध्यक्ष आधी जाऊ देत, मग पाहू, असे म्हणता म्हणता दिवस गेले. अखेर १२ मे रोजी प्रेमदासांनी अटींसह पंतप्रधानपद स्वीकारण्याची तयारी लेखी कळवली. त्याच संध्याकाळी रनिल विक्रमसिंघे यांचा शपथविधी झाला. संपूर्ण देशात ज्यांच्या पक्षाला एकही मतदारसंघ जिंकता आला नव्हता, जे राष्ट्रीय यादीतून संसदेत आले होते, ते एकटे गृहस्थ ५४ जणांच्या पक्षापुढून निघून गेले. पुढच्याच आठवड्यात विरोधी पक्षातील दोन खासदारही त्यांच्या मंत्रिमंडळात जाऊन बसले.

गोताबाया पळाल्यावर २० जुलैला संसदेला नवा राष्ट्राध्यक्ष निवडावयाचा होता. जनतेने रक्त आटवून उघडलेले हे दार होते. प्रेमदासा उमेदवार होते. पण आदल्या दिवशी त्यांनी माघार घेतली आणि डलास अलाहापेरुमा यांना पाठिंबा दिला. हे अलाहापेरुमा कोण? राजपक्षे यांच्याच पक्षाचे खासदार, त्यांच्याच मंत्रिमंडळात एप्रिलपर्यंत बसलेले मंत्री! ज्यांच्या सरकारात जाणे एप्रिलात तत्त्वाच्या आड येत होते, त्यांच्यातील एकाला जुलैत सर्वोच्च पदावर बसवणे तत्त्वात कसे बसले, हे आम्हांला आजवर उमगलेले नाही. मतमोजणी झाली : विक्रमसिंघे १३४, अलाहापेरुमा ८२, अनुरा कुमारा दिसानायके ३. प्रेमदासांच्या नावापुढे आकडाच नव्हता. पराभव पत्करूनही ‘आम्ही उभे होतो’ असे म्हणण्याचा मान त्यांनी स्वतःहून सोडून दिला. ज्यांना तीन मते पडली, त्यांनी मात्र तो राखला.

तरीही हे सर्व डावपेचातील चुका म्हणून सोडून देता आले असते. पण २८ एप्रिल २०२३ चा दिवस आम्ही सोडू शकत नाही. नाणेनिधीने त्या वर्षी मार्चमध्ये सुमारे ३०० कोटी डॉलरांचे साहाय्य मंजूर केले होते. त्याच्या अटी कडक होत्या : वीज महाग, कर अधिक, सरकारी खर्चाला कात्री. हा कार्यक्रम संसदेपुढे मंजुरीसाठी आला. ‘निधीकडे जा’ असे जो पक्ष वर्षानुवर्षे सांगत आला होता, त्याने त्या दिवशी काय करावे? अटी गरिबांवर अन्याय करणाऱ्या वाटल्या, तर ‘नाही’ म्हणावे आणि कारण सांगावे. मार्ग हाच आहे असे वाटले, तर कडू घोट जनतेबरोबर घेऊन ‘होय’ म्हणावे. १२० विरुद्ध २५ मतांनी ठराव संमत झाला आणि मुख्य विरोधी पक्ष मतदानापासून दूर राहिला. होय नाही आणि नाहीही नाही. हेतू उघड आहे : कार्यक्रम यशस्वी झाला, तर ‘आम्हीच सुचवला होता’ म्हणता यावे, लोक चिडले, तर ‘आम्ही मत दिले नव्हते’ म्हणता यावे.

पवित्र मिस्साच्या प्रारंभी आपण जी पापकबुली देतो, तिच्यात केलेल्या पापांबरोबर न केलेल्या कर्तव्याचाही उच्चार असतो. पापनिवेदनाला येणारे भाविक केलेल्या पापांची यादी व्यवस्थित आणतात. न केलेल्या कर्तव्याची यादी क्वचितच कोणी आणतो. कारण न केलेल्या गोष्टीचा साक्षीदार नसतो. राजकारणातही तेच घडते. राज्यकर्त्यांच्या चुकांवर न्यायालयाचा निकाल होतो. विरोधकांच्या हयगयीवर कोणतेही न्यायालय निकाल देत नाही.

आमच्या या प्रतिपादनावर आक्षेप घेतले जातील. पहिला आक्षेप संख्याबळाचा. ५ मे २०२२ रोजी उपसभापतिपदाच्या निवडणुकीत विरोधकांच्या उमेदवाराला ६५ मते मिळाली आणि दुसऱ्या बाजूला १४८ होती. अशा संसदेत विरोधक काय करणार? आक्षेप वजनदार आहे. पण पुढे अवघ्या अडीच महिन्यांत विक्रमसिंघे यांनी त्याच संसदेतून १३४ मते गोळा केली, तेव्हा त्यांच्या पक्षाचे संख्याबळ एक होते. मते नसतात तेव्हा ती मिळवावी लागतात आणि मिळवण्यासाठी आधी उभे राहावे लागते. दुसरा आक्षेप असा की, पापी सरकारला हात लावला तर आपलेही हात मळतात. हा आक्षेप आम्हांला अधिक जवळचा वाटतो. परंतु हात स्वच्छ ठेवणे हेच ज्यांना सर्वांत महत्त्वाचे वाटते, त्यांनी राजकारणात तरी का यावे? आणि हाताच्या स्वच्छतेची एवढी काळजी होती, तर जुलैची ती सोयरीक कशी जमली? तिसरा आक्षेप, परक्या देशाच्या पक्षाला नावे ठेवण्याचा आम्हांला अधिकार काय? अधिकार एवढाच की, विरोधी पक्षाचे हे दुखणे त्या बेटापुरते मर्यादित नाही.

शेवटी जनतेनेच निकाल दिला. २०१९ मध्ये दिसानायके यांना तीन टक्क्यांच्या आसपास मते होती. २१ सप्टेंबर २०२४ च्या निवडणुकीत त्यांना ४२.३१ टक्के मते मिळून ते राष्ट्राध्यक्ष झाले, प्रेमदासा ३२.७६ टक्क्यांवर थांबले. नोव्हेंबरात दिसानायके यांच्या आघाडीने २२५ पैकी १५९ जागा जिंकल्या आणि ५४ जणांचा विरोधी पक्ष ४० वर आला. ही आघाडी निर्दोष आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. तिच्यातील मुख्य पक्षाच्या नावावर १९७१ आणि १९८७-८९ ची रक्तरंजित बंडे आहेत. निधीच्या अटी बदलून घेऊ असे सांगून ती निवडून आली आणि सत्तेवर बसल्यावर तिने तोच कार्यक्रम पुढे चालवला. पण मतदाराने २०२४ मध्ये एक साधा हिशेब मांडला : संकटात कोण कोठे उभा होता? ज्यांची जागा त्याला ठाऊक होती, त्यांना त्याने मत दिले. ज्यांची जागा रोज बदलत होती, त्यांना पुन्हा प्रतीक्षेत बसवले.

वाचकहो, लोकशाहीत विरोधी पक्ष म्हणजे केवळ सरकारवर भुंकणारा राखणदार नव्हे. घरातील धाकट्या भावासारखे त्याचे स्थान आहे. थोरल्याने घर कर्जात बुडवले, तर धाकट्याने जाब विचारलाच पाहिजे. पण चूल विझलेली असताना, मुले उपाशी असताना, ‘आधी वाटणीचा कागद करा, मग मी धान्य आणतो’ असे तो म्हणू लागला, तर शेजारी त्यालाही थोरल्याच्याच रांगेत बसवतात. निवडणुकीत आपल्या दारी विरोधी उमेदवार येतो, तेव्हा आपण त्याला विचारतो, तू कशाच्या विरोधात आहेस? त्याची यादी त्याला पाठ असते. यापुढे दुसरा प्रश्न विचारावा : अमुक दिवशी, अमुक ठरावावर, तू हात वर केलास की खाली ठेवलास? आणि सभागृहात होतास की बाहेर? हा प्रश्न ग्रामसभेत विचारता येतो, पतपेढीच्या वार्षिक सभेत विचारता येतो, आणि धर्मग्रामाच्या सभेत आपण स्वतःलाही विचारू शकतो.

संत जोसेफ वाझ १६८७ साली वेषांतर करून त्या बेटावर उतरले, तेव्हा डचांच्या अमलाखाली कॅथलिक धर्मगुरूला तेथे थारा नव्हता. कँडीच्या राज्यात गेले, तर हेर समजून त्यांना बंदिवासात टाकले गेले. १६९७ साली कँडीत देवीची साथ आली. धडधाकट माणसे रुग्णांना टाकून शहराबाहेर पळाली. ज्या राज्याने आपल्याला कैदेत ठेवले, त्याच्याशी हिशेब करण्याची वाझ यांना ती चांगली संधी होती. त्यांनी अट घातली नाही, मुहूर्त पाहिला नाही; रुग्णांच्या झोपड्यांत जाऊन त्यांना धुतलेपुसले, अन्न भरवले आणि मेलेल्यांना मूठमाती दिली. सत्ता त्यांना नको होती, म्हणून तुलना पूर्ण जुळणार नाही, हे आम्ही जाणतो. पण ज्या मैदानावर त्यांचा गौरव झाला, त्याच मैदानाजवळून एका पक्षाचे नेते अटींचा कागद घेऊन ये-जा करीत होते, ही गोष्ट विसरता येत नाही. अधिकार मागणाऱ्याने आधी आजाऱ्याच्या उशाशी बसावे, एवढेच त्या पक्षाला आणि आपल्याकडील सर्वच पक्षांना आमचे सांगणे आहे.